शेराग कुठल्या दिवशी करायचा?

प्रश्न ठाण्याहून आला आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चौघांचं कुटुंब नॉर्वेत, स्टाव्हांगरला पाच दिवस असणार आहे. नवराबायको चाळिशीतले, सह्याद्रीत नेमाने फिरणारे, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेले. मुलगा अकरा वर्षांचा, त्याचं कळसूबाई झालंय. सोबत सासरे, वय ६६, गुडघा दुखरा पण हौस दांडगी. वेळापत्रक तयार आहे: पहिल्या दिवशी प्राइकेस्टोलेनचा कडा, दुसऱ्या दिवशी शेराग डोंगर, तिसऱ्या दिवशी फ्लोर्लीच्या पायऱ्या, चौथ्या दिवशी फियॉर्डमधली, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद, खोल खाडीतली बोट, पाचवा दिवस खरेदीला. हे जमेल का, बूट कोणते घ्यायचे, आणि सासऱ्यांचं काय करायचं, एवढं विचारलंय.

जमेल. फक्त या क्रमाने जमेल असं मी आज सांगू शकत नाही, आणि तुम्हीही आज ठरवू नका. मी मूळची नाशिकची. अकरा वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त या तेलाच्या गावात आले, तेव्हापासून इथल्या डोंगरांत हिंडते आहे, आणि उन्हाळ्यात नव्याने आलेल्या मंडळींना घेऊनही जाते. या काळात ज्यांची सहल फसली त्यांच्यात दमाने कमी पडलेले थोडे होते. बहुतेकांनी तीन महिने आधी घरबसल्या तारखा नेमल्या होत्या. आपल्याकडे पावसाळा म्हटला की पाऊस आणि हिवाळा म्हटला की कोरडं. इथे ऑगस्टच्या एकाच आठवड्यात दोन दिवस लख्ख ऊन, एक दिवस वारा आणि दोन दिवस समोरचा माणूस दिसणार नाही असं धुकं, हे अगदी नेहमीचं. त्यामुळे पाच दिवस मोकळे ठेवा, पाचही रात्रींचा मुक्काम एकाच जागी घ्या, आणि उद्या कुठे जायचं ते आदल्या संध्याकाळी ठरवा.

मी हे शिकले ते माझ्या दिराच्या नाराजीतून. तो नाशिकहून आला होता, शेरागची तारीख त्यानेच धरली होती, कारण पुढच्या दिवशीचं बर्गनचं हॉटेल भरून झालं होतं. सकाळपासून रिपरिप होती. पहिल्या चढावर साखळी धरली तेव्हा ती इतकी गार होती की दहा मिनिटांत बोटं वाकेनात. साखळीवरून ओघळणारं पाणी थेट बाहीत शिरत होतं. त्याच्या जीन्सने मांडीपर्यंत पाणी ओढून घेतलं होतं. दुसऱ्या दरीत उतरलो तर पुढचा चढ ढगात गुडुप. मी म्हटलं, फिरूया. तो म्हणाला, एवढ्यासाठी आलो का? फिरलो. परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही. दोन दिवसांनी इथे असं ऊन पडलं होतं की मी बाल्कनीत बसून चहा पीत त्याला फोटो पाठवायचाही धीर केला नाही.

आता एकेका जागेकडे येते. सगळ्या लीसेफियॉर्डच्या काठावरच्याच. हा फियॉर्ड ४२ किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंचे कडे जागोजागी हजार मीटरपर्यंत चढतात, आणि पाणी आत चारशे मीटरहून खोल असलं तरी तोंडाशी मात्र अगदी उथळ आहे. हिमनदीने दरी खरवडत नेली आणि समुद्राकडच्या टोकाला गाळमाती टाकून उंबरठा केला, म्हणून. 'लीसे' म्हणजे उजळ. कड्यांचा ग्रॅनाइट फिकट रंगाचा आहे.

हा दगड समजून घ्या, कारण बुटांचं उत्तर त्यातच आहे. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक रचलेले, म्हणून कड्याला टप्पे असतात, पाय ठेवायला खाचा मिळतात, आणि वाट बिघडली की घसारा होतो. इथला खडक सुमारे शंभर कोटी वर्षं जुना. तो थराथराने नाही, कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो, आणि वरून हिमनदीने तो घासून काढलेला. त्यामुळे डोंगराचं अंग टकलासारखं गुळगुळीत, मोठ्या पाठीचं. कोरडा असला तर बूट असा चिकटतो की तुम्हाला गंमत वाटेल, तिरक्या उतारावर सरळ उभं राहता येतं. ओला झाला, आणि त्यावर ते काळं दगडफूल असलं, की शेवाळलेल्या विहिरीची पायरी बरी. म्हणून तिथे साखळ्या लावल्या आहेत. सह्याद्रीत वापरतो ते हलके, पकड घेणारे बूट कोरड्या दिवशी उत्तम चालतात. पण वाटेत दलदल आहे, ओढे आहेत, आणि एकदा आत पाणी गेलं की दिवसभर गार पाय. घोट्यापर्यंत येणारे, पाणी न शिरणारे, आणि घरी महिनाभर घालून मऊ झालेले बूट आणा. नवे कोरे आणून पहिल्याच दिवशी फोड घेऊन बसलेले मी भरपूर पाहिलेत.

प्राइकेस्टोलेन म्हणजे चर्चमधलं प्रवचनपीठ. पर्यटकांनी डोक्यावर घेण्याआधी गावकरी त्याला सुताराच्या रंध्याच्या पात्याचं नाव देऊन होते, आणि बोटीतून खालून बघितलंत तर गावकऱ्यांचंच बरोबर होतं असं वाटेल. फियॉर्डपासून ६०४ मीटरवर, साधारण २५ बाय २५ मीटरची सपाट फरशी, तीन बाजूंनी सरळ तुटलेली. हिमयुगाच्या शेवटी, दहा हजार वर्षांपूर्वी, भेगांत शिरलेलं पाणी गोठून फुगलं आणि पुढचे ठोकळे सुटून खाली गेले. टॉम क्रूझच्या एका चित्रपटात हाच कडा काश्मीर म्हणून खपवलाय, तेव्हा तुमच्या मुलाने कदाचित तो आधीच पाहिला असेल.

६०४ हा आकडा ऐकून लोक घाबरतात किंवा फुशारतात. पण वाट सुरू होते तीच २७० मीटरवर. जायला चार किलोमीटर, यायला चार. मधले चढउतार धरून एकूण चढ पाचशेच्या घरात. थांबत, खात चार ते पाच तास. पहिला चढ जंगलातला, मग दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून सपाटी, मग निम्म्या वाटेवर दगडी पायऱ्यांचा एक खडा टप्पा. या पायऱ्या नेपाळहून बोलावलेल्या शेर्पांनी रचल्यात, दगड दगडात बसवून. उतरताना जरा थांबून बघा, आपल्या गडांवरच्या जुन्या पायऱ्यांची आठवण होईल. त्यानंतर उघडा कातळ, दोन-तीन लहान तळी, आणि शेवटी कड्याला बिलगून जाणारी वाट. तिथे आणि फरशीवरही कठडा नाही. लोक विचारतात, रेलिंग का लावत नाहीत? इथला विचार असा की डोंगर जसा आहे तसा राहू द्यावा आणि माणसाने स्वतःला सांभाळावं. मुलाला एवढंच बजावा की कडेला जायचं तर आधी बसायचं, मग पोटावर झोपून पुढे सरकायचं. मोठ्यांनीही तेच करावं. सेल्फीसाठी मागे मागे सरकणाऱ्या माणसाला बघून माझ्याच पोटात गोळा येतो.

गर्दी मात्र गडाच्या रविवारची असते. वर्षाला तीन लाखांवर माणसं इथे येतात, आणि त्यातली निम्मी बहुधा अकरा ते तीनच्या दरम्यान. सकाळी साडेसहाला चालायला लागा, नाहीतर थेट दुपारी चारनंतर. ऑगस्टच्या मध्याला सूर्य नऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे संध्याकाळची चाल शक्य आहे, फक्त विजेरी घ्या आणि बसने जात असाल तर शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा. स्टाव्हांगरहून पूर्वी फेरीबोटीने ताऊला उतरावं लागायचं. २०१९ च्या अखेरीस समुद्राखालचा १४.४ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, तेव्हापासून रस्त्यानेच जाता येतं. बोगदा समुद्रपातळीखाली २९२ मीटरपर्यंत उतरतो. मुलाला सांगा, जेवढं आत्ता खाली गेलो साधारण तेवढ्याच उंचीवर गाडी लावायची आहे. स्वच्छतागृह फक्त वाहनतळाजवळ आहे, वाटेत कुठेही नाही. हे आधी सांगितलेलं बरं.

शेराग. स्पेलिंगच्या सुरुवातीला के आणि जे बघून काहीही म्हणू नका, उच्चार 'शेराग'च्या जवळचा आहे. सगळ्यांना माहीत आहे तो बेचकीत अडकलेला धोंडा, साधारण पाच घनमीटरचा, फियॉर्डपासून ९८४ मीटरवर. ही वाट वेगळ्या जातीची आहे. सुरुवात ६४० मीटरवर, येऊनजाऊन अकरा किलोमीटरच्या आसपास, सहा ते आठ तास. तीन चढ आणि मध्ये दोन दऱ्या. पहिला चढ गाडीतून उतरल्या उतरल्या अंगावर येतो, साखळ्यांसकट. चढलात की दरीत उतरा, पुन्हा चढा, पुन्हा उतरा, मग सगळ्यात लांबचा तिसरा चढ. माथ्यावर गेलं की मोकळं पठार, वारा आणि दगडांच्या ढिगाऱ्यांनी दाखवलेली वाट. लोक हिशेबात चुकतात तो परतीचा: येताना त्याच दोन दऱ्यांतून थकल्या पायांनी वर यायचं असतं. नळीची वाट केलेल्याला यात तांत्रिक काही अवघड नाही. तुमचा मुलगा कळसूबाईच्या शिड्या चढलाय म्हणजे साखळीला भिणार नाही. पण कळसूबाईवर पाऊस आला तर माणूस भिजतो आणि मजा करतो. इथे भिजला तर थरथरतो. शहरात १६ अंश असेल तेव्हा हजार मीटरवर साडेसहा अंशांनी कमी, म्हणजे दहाच्याही खाली, आणि वर वारा.

त्यामुळे शेरागसाठी पाचांतला सर्वांत चांगला दिवस राखून ठेवायचा, बाकी सगळं त्याच्या आगेमागे. तो ओळखायचा कसा? इथली सरकारी हवामानसेवा 'यर' या नावाने चालते, अ‍ॅप फुकट आहे. स्टाव्हांगरचा अंदाज बघू नका, तो समुद्रकाठचा. फियॉर्डच्या आतल्या टोकाला असलेल्या लीसेबोत्न गावाचाही पुरेसा नाही. शेरागचंच नाव टाकून बघा. पावसाच्या थेंबांकडे सगळे बघतात, तुम्ही वाऱ्याकडे बघा. तो मीटर प्रति सेकंदात दिलेला असतो आणि शेजारी झोताचा वेगळा आकडा असतो. झोत १५ म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. मी स्वतः झोत बाराच्या पुढे असला तर लहान मुलांना घेऊन शेरागला जात नाही. आणि आदल्या रात्री पाऊस पडून गेला असेल तर सकाळी दगड वाळायला दोन तास द्या.

धोंड्यावर उभं राहायचं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तिथे पोचल्यावर नवरा विचारील. त्यावर जायला कड्याच्या अंगाने एका अरुंद कंगोऱ्यावरून वळसा घालावा लागतो. खरी अडचण धोंड्यावर नाही, त्या दोन पावलांत आहे. ऐन हंगामात फोटोसाठी तासभर रांग लागते, मागचे लोक उगाच घाई करतात, आणि घाईत पाय टाकण्याची ती जागा नव्हे. मी दोनदा उभी राहिले आहे, दोन्ही वेळा कोरड्या खडकावर. तिसऱ्यांदा गरज वाटली नाही. मुलाला मुळीच नाही. त्याच्या बाजूला बसून समोरच्या भिंतीवरून पंखांच्या पोशाखात उड्या मारणारे वेडे दिसतात का ते बघा, ते जास्त मनोरंजक आहे.

गाडी घेतलीत तर शेरागनंतर लीसेबोत्नला उतरणारा रस्ता चुकवू नका. २७ वळणं, शेवटचं तर बोगद्याच्या पोटात. वीजप्रकल्पासाठी हा रस्ता १९८४ मध्ये झाला, हिवाळ्यात बंद असतो. सासऱ्यांना डोंगर न चढता डोंगर बघायचा असेल तर यासारखं काही नाही. मात्र खाली उतरून बोटीने परत यायचं असेल तर गाडीसाठी जागा आधी राखून ठेवा.

फ्लोर्लीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ४४४४ लाकडी पायऱ्या, ७४० मीटर चढ, वीजघराला पाणी नेणाऱ्या पाइपांच्या बाजूने सरळ रेषेत. खंडाळ्याच्या घाटातून खोपोलीच्या टाटा वीजघराकडे उतरणारे पाइप आठवा, त्यांच्या कडेने कोणी जिना बांधला तर कसा दिसेल, तसं. योगायोग म्हणजे खोपोलीचं वीजघर १९१५ चं आणि फ्लोर्लीचं १९१८ चं. आज ते जुनं वीजघर बंद आहे आणि गावाला अजूनही रस्ता नाही, बोटीनेच जायचं. आकडा ऐकायला भारी आहे, पण चढताना तास-दीड तास नाकासमोर पायरी आणि पुढच्या माणसाचे बूट एवढंच दिसतं. थांबून मागे वळलात तर खाली फियॉर्ड, हे खरं. पायऱ्यांवर फक्त चढायचं असतं, उतरायला मजुरांनी काढलेली जुनी वाट आहे, आणि ती वाट मला पायऱ्यांपेक्षा कितीतरी आवडते. पण परतीची बोट चुकली तर रात्र तिथेच, त्यामुळे बोटीच्या वेळांनीच तुमचा दिवस ठरतो. शेराग आणि प्राइकेस्टोलेन झाल्यावर पाय आणि हवा दोन्ही शिल्लक असतील तर जा. नाही गेलात तर हळहळू नका.

फियॉर्डमधली बोट तुम्ही चौथ्या दिवशी ठेवलीय. ती पावसाच्या दिवशी ठेवा. हे ऐकून सगळे माझ्याकडे संशयाने बघतात. पण कोरड्या आठवड्यात कड्यांवरचे धबधबे दोरीएवढे होतात, आणि पाऊस पडून गेला की जिथे बघाल तिथून पाणी कोसळतं. बोट 'हेंग्याने' नावाच्या धबधब्याच्या इतक्या जवळ नेतात की पुढे उभे असलेले भिजतात. सासऱ्यांना काचेच्या आत, गरम कॉफीसकट हे सगळं मिळेल. बोटीतून प्राइकेस्टोलेन मात्र अगदीच चिमुकला दिसतो, त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'एवढाच?' म्हणतील.

पावसानंतरचं दुसरं ठिकाण मोनाफोसन. ९२ मीटरचा धबधबा, वाहनतळापासून अर्धा तास, पण तो अर्धा तास चांगलाच उभा आणि साखळ्यांचा. तुम्ही तिघं जा. वारा सुटलाय पण ऊन आहे, असा दिवस निघाला तर याएरेनचा किनारा. ओर्रेला किलोमीटरच्या किलोमीटर वाळू आहे, वाळूच्या टेकड्या, गवत आणि उत्तर समुद्र. इथे पोहायला कोकणाचं पाणी नाही एवढं लक्षात असू द्या.

आणि सासरे. त्यांना प्राइकेस्टोलेनला नेऊ का, हा खरा प्रश्न आहे. चढताना नेता येईल. दुखरा गुडघा बोलतो तो उतरताना, आणि त्या दगडी पायऱ्या उंच आहेत. तुम्ही वर जाल तेव्हा त्यांनी वाटेच्या सुरुवातीला असलेल्या रेफ्सव्हात्न तळ्याकाठी बसावं, जमेल तेवढं फिरावं. तिथल्या विश्रामगृहात खायलाप्यायला मिळतं. त्यांना माथा गाठल्याचा आनंद द्यायचा असेल तर सान्नेसजवळच्या दाल्सनूटनला सगळे मिळून जा. जेमतेम ३२४ मीटर, तासाभराची चढण, दोन काठ्या हातात दिल्या की सावकाश होते. इथले लोक रविवारी आजीआजोबांना आणि तान्ह्या मुलांना घेऊन तिथेच जातात. वरून एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगरांच्या रांगा. आमच्या ओळखीच्या एका आजोबांना प्राइकेस्टोलेनपेक्षा हेच लक्षात राहिलं, कारण माथ्यावर त्यांना अनोळखी बाईंनी थर्मासमधली कॉफी दिली.

थोडं किरकोळ. कपड्यांत सुती काहीही नको, अंगालगत लोकर, त्यावर फ्लीस, वर पाऊस आणि वारा अडवणारं जॅकेट. जीन्स घरी. टोपी आणि पातळ हातमोजे ऑगस्टमध्येही. 'हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात' असं इथे तुम्हाला प्रत्येकजण ऐकवेल. ऐकून घ्या आणि विसरा. शेरागवर हवा वाईट असते. त्यापेक्षा इथल्या डोंगराच्या नऊ नियमांतला आठवा नियम कामाचा आहे: वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. वाटेवरच्या दगडांवर रंगवलेलं तांबडं 'टी' हे अक्षर म्हणजे वाट बरोबर आहे. ते दिसेनासं झालं की शेवटच्या खुणेपर्यंत परत या. गवतातून, झुडपांतून चाललात तर संध्याकाळी मुलाच्या गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड बघा. शेताचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, आत मेंढ्या असतात. जंगलाजवळ शेकोटीला १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर बंदी आहे. अडकलात तर डोंगरातल्या सुटकेसाठी ११२, दुखापतीला ११३. हेलिकॉप्टर आलं तरी बिल येत नाही, पण म्हणून ते टॅक्सी नव्हे.

खाणं घरून बांधून न्या, डोंगरात काही मिळत नाही. भडंग, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या दशम्या हे सगळं छान टिकतं. फक्त दशम्या दुधात न भिजवता पाण्यात करा आणि तूप, पेढे, खवा बॅगेत घालू नका. युरोपाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. सासऱ्यांच्या बॅगेत साजूक तुपाची बरणी असणारच, ती निघायच्या आदल्या रात्री तपासा.